एका अंगठ्याचे एकोणीस पालक

दीपाला ऐकू येत नाही, हे शाळेच्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. लक्षात आल्यावर शाळेत तिच्यासाठी पहिली गोष्ट झाली ती म्हणजे रॅम्प. चांगला सिमेंटचा उतार, बाजूला निळा रंगवलेला पाइप. दीपाचे पाय ठणठणीत होते. ती त्या उतारावरून धावत वर जायची, धावत खाली यायची आणि मधल्या सुट्टीत पोरींबरोबर त्यावर घसरगुंडी खेळायची. शेजारी पाटी होती : 'विशेष गरजा असलेल्या बालकांसाठी. करुणाकिरण बहुउद्देशीय संस्था.'

तिच्या आईनं, नलूनं, मुख्याध्यापकांना विचारलं, "गुरुजी, पोरीचे कान खराब हाय. हे कायले बांधलं?"

"योजनेत हेच होतं," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि झालं तर झालं. तुम्हाला त्याचा काही त्रास आहे का?"

त्रास नव्हता. उपयोगही नव्हता. पण त्या वर्षांत उपयोग कोण विचारत होतं! कापसाचा भाव पडला होता, गावोगाव शेतकरी जीव देत होते आणि दिल्ली-मुंबईहून पाहुणे गाड्या भरभरून यवतमाळ जिल्हा पाहायला येत होते. पाहुणे आले की त्यांना दाखवायला काहीतरी लागतं, आणि दाखवायला लागणारं सगळं पुरवणाऱ्या संस्था पावसाळ्यातल्या तरोट्यासारख्या उगवल्या होत्या. करुणाकिरणनं आधी गांडूळखत केलं, मग बचतगट केले, मग योगासनं केली. त्यातलं एकही धड झालं नाही, म्हणून तिला आता जिल्ह्यातल्या चार तालुक्यांतली अपंग मुलं मिळाली होती. संस्थेचे सचिव किसनराव. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून मागे पाहायची सवय, जणू तिथे कुणी जास्त महत्त्वाचं उभं आहे.

नलू दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कामाला होती. कापसाच्या ढिगातून किडका, डागाळलेला कापूस वेचून बाजूला काढायचा. नवरा धर्मपाल मार्केट यार्डात हमाल. दीपा त्यांची एकुलती एक. अडीच वर्षांची असताना मोठा ताप आला आणि त्यात तिचे कान गेले. पूर्ण गेले नाहीत. ट्रकनं हॉर्न मारला की मान वळवायची. घरात तिघांची हातवाऱ्यांची भाषा होती, ती इतकी सराईत होती की शेजारणी म्हणायच्या, ही पोरगी आमच्यापेक्षा जास्त भांडते.

शाळेत मात्र दीपा अजिबात भांडत नसे. शाळेत ती फळा उतरवून घेत असे. अक्षर असं की पाहत राहावं. गुरुजी इतर पोरांना तिची वही दाखवून लाजवायचे. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत ती अक्षराच्या जोरावर गेली. एक दिवस नलूनं वही नीट उघडून पाहिली. तारीख, वार, पट, हजर मुलं, कविता, आणि कवितेखाली तितक्याच सुंदर अक्षरात : 'हा मजकूर पुसू नये.' त्याखाली : 'शनिवारी शाळा सकाळची.' नलूनं वहीतल्या 'पाणी' शब्दावर बोट ठेवलं आणि खुणेनं विचारलं, हे काय? दीपा हसली, पेन्सिल घेतली आणि खाली आणखी एकदा लिहिलं : पाणी. तिला वाटलं, आईला अक्षर आवडलं.

नलू दुसऱ्या दिवशी खाडा करून शाळेत गेली.

"तिले एक अक्षर वाचता येत नाई, गुरुजी. थे चित्र काढून राह्यली."

"पण शांत आहे ना पोरगी," गुरुजी म्हणाले. "बाकीच्यांसारखा त्रास देत नाही."

त्यानंतर दोन महिन्यांनी करुणाकिरणनं श्रवणयंत्रं वाटली. मंडप, हार, तीन भाषणं. पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं पोरांच्या कानांत यंत्रं घातली आणि फोटो काढले. छातीवर लटकवायची डबी, तिला वायर, वायरच्या टोकाला बटण. सगळ्यांना सारखंच. कुणाचा कान केवढा, कुणाला किती ऐकू येतं, हे कुणी तपासलं नाही. दीपाच्या कानात ते बटण ढिलं बसायचं आणि सतत शिट्टी वाजायची. तिनं ते तिसऱ्या दिवशी कापसाच्या पोत्यात लपवून ठेवलं. नलूनं संस्थेच्या बाईंना निरोप पाठवला. उत्तर आलं, लावत जा, सवय होईल. सवय झाली ती शिट्टीची, तीही शेजाऱ्यांच्या कुत्र्याला.

संस्थेच्या बाई म्हणजे ममता मॅडम. पंचविशीतली मुलगी, बहिऱ्या मुलांना शिकवायचा दोन वर्षांचा कोर्स केलेली. कोर्समध्ये तिला सगळं शिकवलं होतं. नोकरीत तिला फक्त तक्ते भरायला लावलं होतं. वर्षभरात ती दीपाला दोनदा भेटली. पहिल्यांदा उंची आणि वजन लिहून नेलं. दुसऱ्यांदा रॅम्पचा फोटो काढला, त्यात दीपाला उभं केलं आणि हसायला सांगितलं.

जानेवारीत किसनराव स्वतः नलूच्या घरी आले. यवतमाळला जिल्ह्याचा पालक मेळावा होता, मोठे पाहुणे येणार होते. संस्थेच्या वतीनं एका आईला स्टेजवर बोलायचं होतं. किसनराव ओट्यावर खुर्चीत बसले आणि त्यांनी यादी काढली.

"शेती किती?"

"शेती नाई जी आमाले."

"बरं. नवरा?"

"हाय ना."

"हाय म्हणजे... जिवंत आहे?"

तेवढ्यात धर्मपाल आतून बाहेर आला, खांद्यावर दुपट्टं, हातात पाण्याचा गडवा. किसनरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ऐन वेळी कार्यक्रम बिघडवणाऱ्याकडे पाहतात.

"मी हाय, साहेब," धर्मपाल म्हणाला. "काही अडचन असन तर सांगा."

"नाही नाही, चांगलं आहे," किसनराव म्हणाले. "आत्महत्याग्रस्त कुटुंबातली आई असती तर विषय जरा उठला असता. दोघी होत्या आमच्या यादीत. एकीचा मुलगा वारला, आणि दुसरी सारखी रडते, तिच्यानं बोलणं होत नाही." त्यांनी पेन काढून काहीतरी खोडलं. "चला. कष्टकरी लिहू."

मग खिशातून घडी केलेला कागद निघाला. त्यावर भाषण टाइप केलेलं होतं.

"हे पाठ करा. एक शब्द बदलू नका. शेजारी कुणी वाचून देणारं आहे का?"

"मी सातवी पास हाय, साहेब," नलू म्हणाली.

"अरे वा!" किसनराव म्हणाले आणि तिच्या डोक्यावरून मागे पाहू लागले.

ते गेल्यावर नलूनं कागद वाचला. माझ्या काळोख्या जीवनात करुणाकिरणने प्रकाश आणला. माझी मुलगी आज ऐकते, बोलते, शिकते. धर्मपालला तिनं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आपल्या घरी काळोख कवा होता वं? मले तर दिसला नाई."

"जाऊ नोको मंग?"

"जाय ना. येष्टीचं भाडं थेच देऊन राह्यले. दीपीले यवतमाळ दाखव."

जायचंच होतं, तर नलूला त्या कानाच्या यंत्राचंही काही करून हवं होतं. मेळाव्याच्या आठ दिवस आधी ती दिग्रसला संस्थेच्या ऑफिसात गेली. ऑफिस म्हणजे बाजाराच्या मागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खुर्ची एकच, तीही सचिवांची, म्हणून मोकळी ठेवलेली. भिंतीला टेकून सुतळीनं बांधलेले कागदांचे गठ्ठे रचले होते आणि एका गठ्ठ्यावर एक बाई बसली होती. मांडीवर अकरा वर्षांचा मुलगा आडवा. त्याची मान धरत नव्हती, म्हणून तिनं ती स्वतःच्या कोपरात धरली होती.

ती बेबीताई. फुलसावंगीची. घरची कापसाची आणि तुरीची शेती, तोंड तिखट. मुलाचं नाव अक्षय.

"तीनदा बोलावलं मले," तिनं नलूला न विचारता सांगायला सुरुवात केली. "लेकरू प्रत्यक्ष आना म्हनते. मी दोन गाड्या बदलून, याले काखेत घेऊन येतो. इथं आलं का म्हनते, सर बाहेर गेले. एवढं वजन उचलून पाहावं म्हना सरनं एकडाव."

"शाळेत जाते का हा?"

"कुठचा जाते! मास्तर म्हने, घरीच ठेवा, हजेरी आमी लावतो. माया लेकराची शंभर टक्के हजेरी हाय, माहीत हाय का तुले? वर्गात पहिला हाय थो हजेरीत."

नलू हसली. बेबीताईही हसली. मग नलूचं लक्ष गठ्ठ्याकडे गेलं. बेबीताईच्या लुगड्याखालून एक पुस्तिका अर्धी बाहेर आली होती. नलूनं ती ओढून काढली. गुळगुळीत कव्हर, वर हसरं मूल. 'माझे मूल, माझा हक्क : विशेष गरजा असलेल्या बालकांच्या पालकांसाठी.' सरकारी छपाई, दोन वर्षांपूर्वीची. गठ्ठ्याची सुतळी कधी सुटलीच नव्हती.

"आपल्यासाठी हाय हे," नलू म्हणाली. "आन तुमी त्याच्यावर बसल्या."

"मंग त्याइनं खुर्ची ठेवली असती त कायले बसलो असतो? वाच. काय लिहिलं?"

नलू वाचू लागली. श्रवणयंत्र देण्यापूर्वी कानाची तपासणी करून कानाच्या मापाचा साचा बनवावा. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाला शिक्षकाने घरी जाऊन शिकवावे. पान अकरावर चौकटीत लिहिलं होतं : प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करावा. तो पालकांसमवेत बसून करावा. त्यावर पालकांची सही आवश्यक. फाईल पाहण्याचा पालकांना हक्क आहे.

"पालकांसमवेत बसून," बेबीताई म्हणाली. "मी तर बसलीच हाय. मले कोनी इचारलं?"

ममता मॅडम आतल्या खोलीत तक्ते भरत होत्या. नलू पुस्तिका हातात घेऊन आत गेली आणि म्हणाली, "मॅडम, दीपाची फाईल दाखवा."

"कशाला, ताई?"

"पाहाले."

असं आजवर कुणी मागितलं नव्हतं, म्हणून नाही म्हणायचं कसं हे ममताला ठाऊक नव्हतं. तिनं कपाट उघडलं. फाईल छान होती, रंगीत कव्हर, फोटो चिकटवलेला. आराखड्यात लिहिलं होतं : 'उद्दिष्ट – रॅम्पचा स्वतंत्रपणे वापर करणे. साध्य – होय.' अक्षयची फाईलही नलूनं मागून घेतली आणि दारातून मोठ्यानं वाचली : 'फळ्यावरील मजकूर पाहून लिहितो. प्रगती समाधानकारक.' बाहेर बेबीताईनं पोराच्या वळलेल्या बोटांकडे पाहिलं आणि अशी एक शिवी दिली की ममताचं पेन थांबलं.

मग नलूनं खाली पाहिलं. पालकाची सही या रकान्यात निळ्या शाईचा अंगठा होता. कंसात लिहिलं होतं, नलू धर्मपाल.

"हा कोनाचा अंगठा हाय?"

ममतानं डावा हात टेबलाखाली नेला. नलूला तेवढं पुरलं.

"ताई, मार्चअखेर होती," ममता म्हणाली. "एकशे चाळीस आराखडे दोन दिवसांत मागितले. मी कुठे कुठे फिरणार होते?"

"मंग माया नावानं सही करायची व्हती. अंगठा काहून लावला?"

"सगळ्यांचे अंगठेच लावले. सर म्हणाले, इकडच्या आयांना सही कुठे येते."

नलूचा बाप छप्पनच्या दीक्षेनंतर, वयाच्या तिसाव्या वर्षी सही करायला शिकला होता. पाटीवर पेन्सिल दाबून तो चार महिने स्वतःचं नाव गिरवत होता, आणि ते आल्यावर त्यानं पोरींना शाळेत घातलं, आणि घरात कुणी अंगठा लावायचा नाही असं सांगितलं. पोस्टमन रजिस्टर घेऊन आला की तो हात धुऊन यायचा. नलूला फसवणुकीचं नवल वाटलं नाही. फसवणूक तर रॅम्पपासून चालूच होती. पण तिच्या नावापुढे अंगठा!

"मॅडम, तुमी शिकलेल्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बहिऱ्या लेकराइले शिकवाचं शिकल्या. आन काम काय करता, त अंगठे लावता. तुमची माय काय म्हनन तुमाले?"

ममता रडू लागली. नलूला तिची दया आली नाही. रडणं सोपं होतं. बेबीताई अक्षयला काखेत घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "रडनं झालं का सांग. मंग आपन पाहू, हे पुस्तकं मेळाव्याले कसे न्याचे."

ममतानं डोळे पुसले. मेळाव्याच्या दिवशी संस्थेच्या जीपमधून साहित्य जाणार होतं, बॅनर, हार, नारळ. त्या साहित्यात तिनं सहा गठ्ठे चढवले. एवढं तिनं केलं, आणि सरांना न विचारता केलं, हे सांगायला हवं.

मेळावा अकराला होता. पाहुणे दोनपर्यंत आले नाहीत. हॉलमध्ये चार तालुक्यांतून आणलेले आईबाप बसले होते, कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या पायाशी. किसनराव आणि मंडळी बाहेर रस्त्यावर हार धरून उभी होती, पाहुण्यांच्या गाडीकडे डोळे लावून. आत काय चाललं आहे हे बघायला कुणी मोकळं नव्हतं. या तीन तासांत नलू आणि बेबीताईनं सगळे गठ्ठे सोडले. ज्याला वाचता येतं त्याला पुस्तिका दिली, आणि ज्याला येत नाही त्याला पुस्तिका देऊन पान अकरा वाचूनही दाखवलं. नलू एका रांगेत वाचायची, मग पुढच्या रांगेत. आवाज बसला. एका म्हातारीनं तिच्याकडून तेच पान तीनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "फाईल म्हनजे काय वं बाई?"

"तुह्या नातवाबद्दल त्याइनं काय काय लिहून ठेवलं, थे."

"मायाबद्दल बी लिहिलं असन?"

"असन ना. तुहा अंगठा बी हाय त्यात."

"मी तर कुठीच अंगठा नाई देल्ला," म्हातारी म्हणाली, आणि तिनं पदराच्या टोकानं बोट पुसून पाहिलं.

पाहुणे सव्वादोनला आले आणि त्यांना तीनला निघायचं होतं. भाषणं झाली. पाचवी नलू. किसनरावांनी माईकवर सांगितलं, एक कष्टकरी माता आपले मनोगत स्वतःच्या शब्दांत व्यक्त करतील. नलू स्टेजवर गेली. घडी उघडली. जसं लिहिलं होतं तसं, एक शब्द न बदलता, ठणठणीत आवाजात वाचू लागली.

"आदरणीय व्यासपीठ आणि माझ्या बंधुभगिनींनो. माझ्या काळोख्या जीवनात करुणाकिरणने प्रकाश आणला. माझी मुलगी आज ऐकते, बोलते, शिकते. येथे थोडे थांबावे व पदराने डोळे पुसावेत. माननीय सचिव किसनराव हे मला भावासारखे आहेत. येथे सचिवांकडे पाहून हात जोडावेत."

हॉलमध्ये आधी काहीच झालं नाही. मग मागच्या रांगेतून एक हसू फुटलं, आणि ते पुढे पुढे येत स्टेजपर्यंत पोचलं. पाहुण्यांच्या शेजारी बसलेला एक साहेब खोकला आल्यासारखं करत खाली वाकला. नलूनं शेवटची ओळ वाचली, "धन्यवाद, येथे टाळ्या," आणि खाली उतरली.

किसनरावांनी तिला दाराशी गाठलं. त्या दिवशी प्रथमच ते तिच्या डोक्यावरून मागे न पाहता सरळ तिच्याकडे पाहत होते.

"मुद्दाम केलंस तू हे!"

"तुमीच म्हनले, एक शब्द बदलू नोको."

"कंसातलं वाचायचं नसतं, एवढं कळत नाही? सातवी पास म्हणे!"

"मले वाटलं, थे बी माहेच शब्द हाय," नलू म्हणाली. "बाकीचे व्हते ना."

पाहुणे गेले. पेपरात फोटो आला, हसऱ्या चेहऱ्यांचा. वार्ताहरानं खाली लिहिलं, पालकांत उत्साहाचे वातावरण.

सोमवारी दिग्रसच्या ऑफिससमोर एकोणीस पालक उभे होते. मेळाव्यात दीडशे होते. बाकीच्यांना मजुरी बुडवता आली नाही, किंवा भीती वाटली, किंवा घरच्यांनी म्हटलं, कायले नसती भानगड. किसनराव अचानक नागपूरला गेले होते. ममता मॅडमनं कपाट उघडलं आणि फायली एकेक करून हातात दिल्या. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात थांबला नाही. नलू आराखडे वाचत गेली. दृष्टी नसलेल्या मुलीला 'चित्रे पाहून गोष्ट सांगते'. न बोलणाऱ्या मुलाला 'प्रार्थनेत सहभाग'. आणि प्रत्येकाखाली तोच निळा अंगठा, तीच मधली आडवी चीर.

गोविंदा नावाचा एक बाप शेवटी उभा होता. त्यानं स्वतःची फाईल पाहिली, मग डावा हात वर केला. त्याचा अंगठा कडबा कापायच्या यंत्रात मुळापासून गेला होता, त्याला सात वर्षं झाली होती.

"आन उजव्यानं मी सही करतो," तो म्हणाला.

तिथेच ओट्यावर बसून नलूनं अर्ज लिहिला. एकोणीस जणांनी खाली नावं लिहिली. पाच जणांना सही येत नव्हती. त्यांनी अंगठे लावले, स्वतःचे, आणि प्रत्येकाच्या शेजारी नलूनं लिहिलं, हा याच माणसाचा अंगठा आहे.

अर्ज वरच्या साहेबांकडे गेला. चौकशी झाली. ती कशी झाली, ते सांगण्यासारखं नाही. दोन माणसं आली, किसनरावांकडे जेवली आणि गेली. अहवालात लिहिलं, तांत्रिक त्रुटी आढळल्या, त्यास संबंधित विशेष शिक्षिका जबाबदार आहेत. ममताची नोकरी गेली. किसनरावांना सक्त सूचना मिळाल्या, म्हणजे काहीच मिळालं नाही. पण अहवालाच्या शेवटी कुणीतरी, बहुधा अंग झटकण्यासाठी, एक ओळ घातली होती : सर्व आराखडे पालकांच्या उपस्थितीत नव्याने करावेत. ती ओळ नलूनं पाठ केली.

त्या ओळीला धरून ती सहा महिने भांडली. दीपाचे कान तपासले गेले. साचा बनला. नवं बटण कानात घट्ट बसलं आणि यंत्राची शिट्टी थांबली. पहिल्या दिवशी नलू तिच्या मागे उभी राहून म्हणाली, "दीपा." पोरगी वळली. धर्मपालनं तोंड फिरवून घेतलं. दीपानं मात्र दहा मिनिटांत यंत्र काढून ठेवलं आणि खुणेनं सांगितलं, तू फार ओरडतेस. नलूला आधी राग आला, मग तिनं हळू बोलायला सुरुवात केली. तिला ते जमत नव्हतं. जिनिंगमध्ये हळू बोलून कुणाला ऐकू जाणार!

ममता दर रविवारी दीपाला शिकवायला येऊ लागली. कुणी सांगितलं नव्हतं. नलू तिला चहा द्यायची, पण पहिले दोन महिने समोर बसायची नाही. तिसऱ्या महिन्यात दीपानं 'पाणी' वाचलं, ओठ चावत, अर्धंच, "पाई", आणि रांजणाकडे बोट केलं. त्या दिवशी नलू चहा घेऊन ममताच्या शेजारी बसली.

बेबीताईच्या वाट्याला कमी आलं. अक्षयसाठी मास्तर घरी यायला लागला, पण पंधरा दिवसांतून एकदा, आणि तोही घड्याळ पाहत. बेबीताई त्याला उठू द्यायची नाही. दाराला आतून कडी लावून ती म्हणायची, "अर्धा घंटा झाला नाई अजून, मास्तर. हजेरी तुमची बी लागते."

त्या एकोणिसांचे पुढे चाळीस झाले. दर दुसऱ्या शनिवारी ते वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर जमायचे. कुणाचा फॉर्म भरायचा, कुणाला कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायचं, कुणाबरोबर नुसतं जायचं, कारण एकट्या बाईला हाकलतात, दोघींना बसवतात.

पुढल्या वर्षी करुणाकिरणचा अहवाल निघाला. त्यात छापलं होतं : 'संस्थेच्या प्रेरणेने दिग्रस येथे सक्षम पालक गट स्थापन.' आणि एका शनिवारी किसनराव स्वतः आले. बरोबर बॅनर, बरोबर फोटोवाला. ओट्यावर तीस-पस्तीस बायामाणसं बसली होती.

"चालू द्या, चालू द्या तुमचं," ते म्हणाले आणि बॅनर बांधायला खिळा शोधू लागले.

गोविंदा उठायला लागला. नलूनं त्याला हातानं खाली बसवलं.

"साहेब, बरं झालं आले," ती म्हणाली. "लिहिनारे कमी पडून राह्यले. या आजीचा फॉर्म भरून द्या. बसा."

खुर्ची नव्हती. फोटोवाला पाहत होता, म्हणून किसनरावांना नाही म्हणता आलं नाही. ते पांढरी पँट सावरत सतरंजीवर बसले आणि खिशातलं पेन काढलं. मेळाव्यातली ती म्हातारी त्यांच्यासमोर सरकली आणि सांगू लागली, नातवाचं नाव, मग त्याच्या मायचं, मग रोगाचं, मग परत नावाचं. फोटोवाल्यानं दोन फोटो काढले आणि घड्याळ पाहिलं, त्याला पुसदला लग्न होतं. तो गेला. किसनराव उठू लागले, तर म्हातारीनं त्यांची बाही धरली. अजून फॉर्मची मागची बाजू राहिली होती.

पंधरा मिनिटांनी त्यांनी फॉर्म नलूकडे दिला. तिनं वरपासून खालपर्यंत वाचला. आईच्या नावाच्या रकान्यात त्यांनी बापाचं नाव लिहिलं होतं आणि जन्मतारखेच्या जागी त्या दिवसाची तारीख.

"हे चालन नाई, साहेब," नलू म्हणाली. तिनं तो फाडला आणि दुसरा कोरा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.